जुफैरचा खंडोबा

जुफैर, बहारीन
२० फेब्रुवारी १९९६

ती. सौ. वहिनींना अरुणाचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. आईंचे गुडघे कसे आहेत ते नीट कळवा. तुम्ही दर वेळी 'इकडे सर्व ठीक' एवढंच लिहिता, त्यावरून इथे बसून काही म्हणता काही कळत नाही.

आमच्याकडे तुमच्या भाऊजींना नवा छंद लागला आहे. त्यांच्या पॉवर स्टेशनातला एक इंग्रज साहेब कायमचा मायदेशी गेला, जाताना त्यानं घरचं सामान विकायला काढलं. लोकांनी फ्रीज घेतले, गालिचे घेतले. आमच्या घरी जमिनीतला धातू हुडकायचं मशीन आलं. लांब दांडा, खाली ताटली, कानाला हेडफोन. दर शुक्रवारी सकाळी हे समुद्राकाठी जातात आणि झाडू मारल्यासारखे वाळूवर फिरतात. घरात यांनी कधी केरसुणी हातात धरली नाही हे तुम्हाला माहीतच आहे. आजवर कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या ओढायच्या कड्या, खिळे, एक वाकडा चमचा आणि मूठभर काळी-हिरवी नाणी मिळाली. पुरातन थडग्यांच्या टेकाडांकडे मात्र मी यांना जाऊ देत नाही. तिथला चौकीदार हात हलवून 'मफी, मफी' म्हणजे नाही, नाही म्हणतो, आणि काही झालं तर व्हिसा आपलाच जायचा.

नाणी मिळाली ते एक वेळ परवडलं, पण ती साफ करायची म्हणजे माझ्या स्वयंपाकघराचं वाटोळं. यांच्या इंग्रजी मासिकात लिहिलंय म्हणे, की जुन्या नाण्याला हातसुद्धा लावायचा नाही, महिनोन्‌महिने भिजत ठेवायचं. म्हणून तांब्याची नाणी ऑलिव्ह ऑइलमध्ये डुंबताहेत आणि आम्ही करडईच्या तेलावर. माझ्या लोणच्याच्या बरण्या, दह्याच्या वाट्या, सगळ्यांत काही ना काही बुडवलेलं, आणि प्रत्येकावर चिठ्ठी: 'हात लावू नये'.

आता खरी गोष्ट लिहिते. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी देव घासायला घेतले. हे ड्यूटीवर होते. एका वाटीत काळं कुळकुळीत, चांगलं पेढ्याएवढं गोल काहीतरी पडलं होतं. जुफैरच्या किनाऱ्याला सापडलेलं. म्हटलं, रिठ्याचं पाणी केलंच आहे तर यालाही अंघोळ होऊ दे. रिठ्यानं थोडं सुटलं. मग रांगोळी घेतली आणि लिंबाच्या सालीनं आपल्या पद्धतीनं बसून घासलं. आधी घोड्याचा खूर दिसला. मग घोडा. मग त्याच्यावर बसलेला पुरुष आणि त्याच्या हातातली तलवार. वहिनी, माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आपला खंडोबा!

खांद्यावरून शेला उडतोय. डोक्याला पगडी की मुकुट ते झिजल्यामुळे नक्की सांगता येत नाही. बाकी अंगावर फारसं काही दिसत नाही, पण इतकी वर्षं खाऱ्या वाळूत राहिल्यावर कुणाच्या अंगावर काय राहणार? घोड्याच्या पायाखाली मणी आहे की मल्ल की कुत्रा, याबद्दल आमच्यात एकमत नाही. उलटून पाहिलं तर मागे म्हाळसाबाई. डोक्यावरून पदर, अंगानं भरलेल्या, चेहरा करारी. चांदीचा अस्सल टाक आहे. इथे पूर्वी इंग्रजांचं आरमार होतं, कुणी मराठी खलाशी बरोबर घेऊन आला असेल आणि बिचाऱ्याच्या हातून पडला असेल.

हे घरी आले, टाक पाहिला आणि मटकन खाली बसले. म्हणाले, "घासलंस?" पुढे आणखी काहीतरी सांगणार होते, पण मी तोवर आरती सुरू केली होती.

देव थोरल्या घरी असतात हे खरंच आहे. मी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलेलं नाही. पण देवानंच समुद्र ओलांडून धाकटीचा पत्ता शोधत यावं, याला काय म्हणाल?

तुमची,
अरुणा


कराड
९ मार्च १९९६

प्रिय अरुणास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आईंना वाचून दाखवलं नाही. का नाही, ते सांगायचं तर 'इकडे सर्व ठीक' हे खोटं होतं हे आधी कबूल करायला हवं.

आपला खंडोबाचा टाक घरात नाही. गेल्याच्या गेल्या नवरात्राआधी मी देव घासून परातीत घालून अंगणात उन्हाला ठेवले. दार वाजलं म्हणून उठले, परत आले तर सगळे देव जागच्या जागी आणि टाक नाही. कावळ्यानं नेला, घुशीनं नेला, कुणी माणसानं नेला, आजतागायत पत्ता नाही. कामाच्या रखमानं परसातली सगळी माती चाळणीनं चाळली. आई त्या वेळी एकच वाक्य बोलल्या: "ज्या हातांना देव सांभाळता आला नाही, त्या हातचं मी खाणार नाही." मला वाटलं, राग आहे, दोन दिवसांत जाईल.

तेव्हापासून आई मागच्या पडवीत रॉकेलच्या स्टोव्हवर वेगळं शिजवतात. या वयात, डोळ्यांनी धड दिसत नसताना. माझ्याशी बोलतात, माझ्या साडीचा रंग चांगला आहे म्हणतात, पण मी वाढलेलं ताट तसंच परत येतं. आता तर मी वाढतही नाही. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. हळदीकुंकवाला बायका माझ्या घरी येतात आणि आधी पडवीत डोकावून येतात. मला या घरात येऊन अर्धं आयुष्य झालं, आणि माझ्या हातच्या भाताला माझ्या सासूबाई शिवत नाहीत. रात्री ताटं मांडताना रोज नव्यानं लाज वाटते.

नवा टाक करून घेऊ म्हणून मी तीनदा सांगून पाहिलं. त्या म्हणतात, देव सोनाराच्या दुकानातून येत नाही, त्याला यायचं असेल तर तो आपल्या पायांनी येईल. आता तू लिहितेस, तो आला आहे. फक्त घर चुकला आहे.

कुणी येणारं असेल त्याच्याबरोबर टाक पाठवून दे. भाऊजींना आशीर्वाद.

स्मिता


जुफैर, बहारीन
२९ मार्च १९९६

ती. सौ. वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून रडू आलं. दादांनी दर महिन्याच्या फोनवर पावसापाण्याचं सांगितलं, गावच्या निवडणुकीचं सांगितलं, आणि आई वेगळं शिजवतात हे सांगितलं नाही! हे दोघे भाऊ सारखेच. घराला आग लागली तरी आधी हवामान सांगतील.

पण वहिनी, टाकाबद्दल जरा विचार करावा लागेल. मला द्यायचं नाही असं मुळीच नाही. तुमच्यापेक्षा टाक मोठा का मला? पण तो आपण होऊन इथे आला आहे. आपण त्याला उचलून दुसरीकडे नेलं आणि त्याला ते आवडलं नाही तर? आल्यापासून यांची रात्रपाळी बंद झाली. आमच्या निधीला गणितात कधी नव्हे ते बरे मार्क पडले. हा हा म्हणता बातमी पसरली. सनदहून, हमद टाउनहून आपली मराठी मंडळी शुक्रवारी दर्शनाला येतात. मागच्या शुक्रवारी भरीत-भाकरीचा नैवेद्य केला, तर चटया कमी पडल्या. एक बँकेतले गृहस्थ सुटाबुटात येऊन 'येळकोट येळकोट' म्हणून कपाळाला भंडारा लावून गेले. शेजारच्या खदिजाभाभींनी वांगी भाजून दिली.

खरं सांगू? सोळा वर्षं मी या देशात आहे, आणि लोक मला 'राजनची मिसेस' म्हणून ओळखतात. आता 'खंडोबावाल्या अरुणाताई' म्हणतात. तुमच्या घरी देव होते, सण होते, माणसं येत होती. इथे आमच्याकडे फक्त एसी होता.

मला वाटतं, टाकाचा मोठा फोटो काढून पाठवावा. चांगली चौकट करून. आईंना फोटो दाखवून पाहा ना.

यांचं नाण्यांचं वेड कमी झालं आहे. मी देव घासला तेव्हापासून हे माझ्या हातांकडे घाबरून बघतात. सगळ्या वाट्या उचलून गॅरेजमध्ये नेल्या. एकदा म्हणाले, "अरुणा, त्या मागच्या बाईबद्दल मला तुला काहीतरी सांगायचंय." मी म्हटलं, देवाबद्दल 'बाई' असं बोलू नये. हे उठून गॅरेजमध्ये गेले.

आईंना नमस्कार.

अरुणा


कराड
१५ एप्रिल १९९६

अरुणा,

फोटो नको.

परवा आईंचा हात भाजला. स्टोव्हचा भडका उडाला, पदर वाचला हे नशीब. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि डाव्या हातानं त्यांनी पुन्हा स्टोव्ह पेटवला. मी काडेपेटी हातातून घ्यायला गेले तर म्हणाल्या, "असू दे गं, माझं मी करते." त्या रागावून बोलल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या प्रेमानंच म्हणाल्या.

तुझ्याकडे चटया कमी पडतात. माझ्याकडे एका ताटाला माणूस नाही. मी तुझ्याकडे आजवर कधी काही मागितलं आहे का, आठवून बघ. सोन्याचं नाही, सेंटचं नाही, मिक्सरही नाही. हे मागते आहे.

स्मिता


जुफैर, बहारीन
८ मे १९९६

ती. सौ. वहिनींना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि मी फार विचार केला. शेवटी थोरलं ते थोरलं. देवांचा मान थोरल्या घराचा, हे माझ्या आईनं मला लग्नातच शिकवलं होतं. मी कोण त्याला इथे अडकवून ठेवणार? टाक पाठवते आहे. आमच्या शेजारच्या खदिजाभाभींचे उस्मानभाई चिपळूणला सुट्टीवर निघाले आहेत. ते स्वतः कुंभार्ली घाट चढून कराडला येऊन तुमच्या हातात पुडी देतील. आत काय आहे ते मी त्यांना सांगितलेलं नाही, नुसतं 'घरचं आहे, जपून न्या' म्हटलं. खदिजाभाभी म्हणाल्या, "पोचंल, इंशाल्ला. देवाची वस्तू असल्यासारखं तोंड करू नका."

तुम्हाला वाटेल, अरुणाचं मन एकाएकी कसं बदललं. आईंचा हात भाजला ते वाचल्यावर माझ्या घशाखाली घास उतरेना, हे अगदी खरं आहे. दुसरंही एक कारण झालं, ते किरकोळ आहे. निधीच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. त्यातल्या एकीनं देव्हाऱ्यात डोकावून काहीतरी म्हटलं, मग निधी तिचं इतिहासाचं पुस्तक घेऊन आली आणि "मम्मा, लुक, सेम लेडी!" असं ओरडली. आता या पोरी इंग्रजी शाळेत जातात, त्यांना देवाधर्मातलं काय कळतंय? मी पुस्तक मिटून दप्तरात ठेवलं. हे मात्र मान खाली घालून पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

शुक्रवारच्या मंडळींना मी सांगितलं, देव गावी जातो म्हणाला. सगळ्यांना भरून आलं. बँकेतल्या गृहस्थांनी तर विमानतळापर्यंत येतो म्हटलं. त्यांना कसंबसं परतवलं.

एक सूचना. टाकाच्या कडेला वाळूचं काहीतरी घट्ट बसलं होतं, लांबून पाहणाऱ्याला अक्षरांसारखं वाटलं असतं. ते मी रांगोळीनं चांगलं घासून काढलं आहे. दोन दिवस लागले. तुम्ही आता फार घासू नका, भंडारा मात्र सढळ हातानं लावत जा. देवाला भंडारा प्रिय. जितका जाड तितका चांगला. विशेषतः म्हाळसाबाईंना.

आई जेवल्या की मला लगेच कळवा. अगदी त्याच दिवशी कळवा.

अरुणा


कराड
१८ जून १९९६

प्रिय अरुणास आशीर्वाद.

आई जेवल्या.

आता सगळं सविस्तर सांगते. उस्मानभाई आले तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. पाणी प्यायले, चहा नको म्हणाले, पुढची एसटी गाठायची होती. पुडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "वैनी, कस्टमवाल्यानं पुडी सोडून विचारलान, हे काय? मी सांगितलं, राणीचा जुना नाणा आहे, इंग्रजांचा, मागं त्यांचा घोड्यावरचा संत. घरात ठेवायला नेतोय. आमच्या आजोबांकडं होता असाच एक, बोटीवर होते ते. चांदी आहे, जपा." मी म्हटलं, "हो, ठाऊक आहे." मला काय ठाऊक होतं? 

ते गेल्यावर मी दार लावून पुडी उघडली. अरुणा, तुला ते माहीत होतं की नव्हतं, हे मी विचारत नाही. तूही सांगू नकोस. मी एवढंच म्हणते, की कडेनं इतकं घासलं आहे की तुझ्या मनगटाची मला कीव आली. तरी एका जागी दोन अक्षरं राहून गेली होती. ती मी घासली. रांगोळी माझ्याकडेही आहे.

घासताना मनाला खूप लागलं. ज्या देवासाठी दोन वर्षं रडले त्याच्या जागी मी काय ठेवते आहे? एकदा वाटलं, आईंना खरं सांगून टाकावं आणि पुडी परत बांधावी. तेवढ्यात पडवीतून भात करपल्याचा वास आला. उठले, ताम्हनात टाक ठेवला, हळद वाहिली आणि तशीच पडवीत गेले. म्हटलं, "आई, तो आला. अरुणाच्या घरी समुद्राकाठी वर आला, तिनं पाठवला."

आईंनी ताम्हन हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं. उलटून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.  मग त्यांनी ते कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "स्मिता, आज भाजी कसली केली आहेस?"

 मी तिथेच भिंतीला टेकून ढसाढसा रडले. आईंनी स्टोव्हची किल्ली फिरवली, तो विझला, आणि त्या माझ्या आधी आत जाऊन पाटावर बसल्या. दोडक्याची भाजी होती. दोनदा मागून घेतली.

आता रोज पूजा करते, भंडारा जाड थापते. जीव मुठीत धरून असते. एवढीच एक भीती आहे, की आईंना कधी कळलं तर त्या पुन्हा उठून पडवीत जातील, आणि मग त्यांना देवसुद्धा परत आणू शकणार नाही. तेव्हा निधीला सांग, आजीला पत्र लिहिताना इतिहासाचं काही लिहायचं नाही.

तुझ्या मोठेपणाबद्दल काय लिहू? तो तू नेमका कोणत्या दिवशी दाखवलास, याचा मी विचार करत नाही.

तुझी,
स्मिता


कराड
आषाढ वद्य पंचमी

चि. सौ. अरुणास आईचे आशीर्वाद.

तू मला वेगळं पत्र पाठवून 'देव सुखरूप पोचला का, तुम्हाला समाधान वाटलं का' असं विचारलंस. अक्षर मोठं काढलंस ते बरं केलंस. मी चौथीपर्यंतच शिकलेली, सावकाश लिहिते. हे पत्र तुझ्या दादाकडून पोस्टात टाकते. तो उघडून वाचणार नाही, त्याला चष्माच सापडत नाही.

देव पोचला. सुखरूप आहे. आता तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नकोस.

मी लहान असताना आमच्या घरी राणीछाप रुपये होते. माझ्या आईनं त्यांना कड्या लावून गळ्यातली माळ केली होती. मी मांडीवर पडले की ती माळ माझ्या नाकासमोर लोंबायची. तो चेहरा मी सख्ख्या आत्याच्या चेहऱ्याआधी ओळखायला शिकले. रुपयावर राणी तरुण होती. तुझ्या देवावर म्हातारी झाली आहे, डोक्यावर पदर आला, गाल सुटले. पण नाक तेच. माझंही तसंच झालं आहे, म्हणून मला लगेच कळलं.

तुम्ही दोघींनी घासून घासून कड गुळगुळीत केलीत. स्मितानं घासलं ते मला पडवीत ऐकू येत होतं, आणि तुझं घासणं तर दिसतंच आहे. मला मेलीला इंग्रजी वाचता येत नाही, आणि तुम्ही अक्षरं पुसत बसलात. चेहरा कोण पुसणार होतं?

स्मितानं ताम्हन पुढे केलं तेव्हा तिची बोटं रांगोळीनं पांढरी होती. मी ते हात पाहिले. अरुणा, मी रागाच्या भरात एक वाक्य बोलून बसले होते आणि मग मला त्यातून उठता येईना. गल्लीनं ऐकलं होतं. रोज वाटायचं, आज कुणीतरी मला ओढून आत नेईल. कुणी नेलं नाही. सगळे मला मान देत राहिले. मी रोज करपलेला भात खाल्ला आणि आतून तिच्या फोडणीचा वास येत राहिला. शेवटी शेवटी मी खंडोबाला म्हणत होते, बाबा, तू ये, नाहीतर कुणालाही पाठव. आता त्यानं जिला पाठवलं तिला मी काय म्हणून परत लावू? पोरगी एवढ्या लांबून आली.

नवा टाक मात्र करायला टाकला आहे. सोनाराकडे मी स्वतः जाऊन आले. तो घरात आला की स्मिताला सांगेन, जुन्या देवाच्या जोडीला केला. देव्हाऱ्यात दोघांना जागा आहे. सकाळी स्मिता राणीच्या तोंडावर भंडारा थापते, मला दिसू नये म्हणून. संध्याकाळी मी थापते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू नये म्हणून. आता नाकसुद्धा दिसत नाही.

स्मिताला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला वाटतंय देव तिच्या हाती परत आला. बिचारी आता झोपते नीट. तिच्या भाजीत मीठ जरा जास्तच असतं, पण ते आता कुठल्या तोंडानं सांगू?

राजनला म्हणावं, मशीन जपून ठेव. निधीला पापा.

पत्र इथेच पुरं करते. स्मितानं ताट वाढलं आहे, दोनदा हाक मारून झाली. भात निवला तर रागावते.

तुझी,
आई